मिनिटाला एक शतपावली

२१ जूनला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे दरवर्षी योगदिन होतो. होतो म्हणजे काय, तीसेक चटया पडतात, कोणाचा तरी पाय दुसऱ्याच्या तोंडाशी येतो, फोटो निघतात, चहा-बिस्किटं होतात आणि २२ तारखेला चटया परत माळ्यावर. मागच्या वर्षी त्याच जोशात मी ग्रुपवर पोल टाकला, की रोज संध्याकाळी शेजारच्या बागेत सगळे मिळून चालायला आणि थोडा व्यायाम करायला येणार का. ६४ फ्लॅट आहेत आमचे, ४७ जणांनी हो दाबलं, वर अंगठे, नमस्कार, ती दंडाची बेटकुळी दाखवणारी इमोजी. मला वाटलं बाग पुरायची नाही. सोमवारी सहाला मी गेटवर जाऊन उभी राहिले तर आलो आम्ही पाच जण, त्यात एक माझा नवरा, आणि तोही दूध आणायला म्हणून निघालेला.

माझं काम घरूनच असतं, छोट्या दुकानदारांचे हिशोब लिहिते आणि त्यांची जीएसटी रिटर्न भरते. म्हणजे महिन्याची ११ आणि २० तारीख आली की जेवायचं पण भान नसतं, आणि बाकीचे दिवस पण नऊ-नऊ तास खुर्चीतच. वय ४९, शुगर बॉर्डरवर. डॉक्टरांनी आठवड्याला १५० मिनिटं जरा भरभर चाला असं सांगितलं होतं. हा आकडा त्यांचा नाही, जागतिक आरोग्य संघटनेचाच आहे, १५० ते ३०० मिनिटं, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यात तीनदा. मी एकटी चालायला लागले, चार दिवस गेले, पाचव्या दिवशी कंटाळा. म्हणून म्हटलं चला सगळ्यांनाच ओढू, म्हणजे आपण पण जाऊ. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं, खोटं कशाला बोला.

आम्ही राहतो पुण्यात, सहकारनगर पद्मावतीच्या मधे. एका बाजूला तळजाईची टेकडी, दुसरीकडे पर्वतीची. इथे कोणालाही सांगा की लोकांनी हालचाल करायला पाहिजे, तो म्हणणार अहो सकाळी तळजाईवर जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. बरोबर आहे, नसतेच. पण टेकडीवर जाणारे लोक हे टेकडीवर जाणारेच असतात हो, वर्षानुवर्ष तेच चेहरे, तेच बूट, उतरल्यावर तोच उपमा. त्यांना कोणी सांगायची गरज नाही. प्रश्न आहे तो टेकडीच्या पायथ्याशी तिसऱ्या मजल्यावर बसून मोर ओरडताना ऐकणाऱ्यांचा. २०२४ मधे लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, त्यात २०२२ साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या मोठ्या माणसांची हालचाल पुरेशी नाही असं निघालं, पुरुषांत ४२ टक्के आणि बायकांत ५७. हा बायकांचा आकडा वाचल्यावर मला पहिल्यांदा खरा वाटेना, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या बायका दिवसभर उभ्याच असतात. मग कळलं की उभं असणं वेगळं आणि हालणं वेगळं.

तर पाच जण. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्याने मी आणि बी विंगमधले निवृत्त पीटीचे सर, दोघंच. सर म्हणाले, "मॅडम, शाळेत पोरं येत होती कारण न येण्याची सोय नव्हती, इथे ती सोय आहे."

मग मी पोल बिल सोडून दिला आणि दारोदार गेले. पण जाताना एक शहाणपणा केला (हिशोबाच्या कामामुळे सुचलं असावं, क्लायंटला धंदा कसा चाललाय विचारलं की तो छान म्हणतो, कालचं गल्ल्यातलं काय ते दाखवा म्हटलं की खरं कळतं). व्यायामाला याल का असं विचारलंच नाही. विचारलं काय, तर काल संध्याकाळी सहा ते सात तुम्ही काय करत होता. बास. आणि वहीत लिहून घेतलं. काय काय निघालं म्हणून सांगू, कोणी कुकर लावत होतं, कोणी नातवाला क्लासला सोडून क्लासच्या बाहेरच्या कट्ट्यावर तासभर नुसतं बसलेलं, एकीला गाऊनवर बाहेर पडायचं नव्हतं आणि ड्रेस घालायचा म्हणजे मग इस्त्री आली, एका काकांना प्रोस्टेटचा त्रास आणि बागेतलं टॉयलेट दूर आहे हे त्यांनी मला नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं, दोघी म्हणाल्या मागच्या कोपऱ्यात अंधार असतो आणि कुत्री, आणि एक सुनबाई हळूच म्हणाली, "ताई मी गेले तर सासूबाई म्हणतात आम्ही कुठे गेलो होतो व्यायामाला."

गुडघे दुखतात हे तर दर दुसऱ्या घरात. पण सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या तळमजल्यावरच्या काकू, ६६ वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "अगं मला यायचंय गं. पण मला एका दमात दीडशे पावलं चालवतं, मग टेकावं लागतं. टेकायचं कुठे?"

मी दुसऱ्या दिवशी मोजलं. खरंच मोजलं, पावलं मोजत. त्यांच्या दारापासून बागेच्या गेटपर्यंत २१० पावलं आणि गेटपासून पहिल्या बाकापर्यंत आणखी १३०. म्हणजे ३४० पावलांत बसायला एकही जागा नाही, आणि जो बाक आहे तो बिनहाताचा, बुटका, काकू त्यावर बसतील पण उठवणार कोण. बागेत ओपन जिमची मशीन आहेत, पिवळी-निळी, ते दोन पायांवर झुलायचं एक, कंबर फिरवायचं एक, खांद्याचं चाक एक. त्यावर पोरं लोंबकळतात. मी पण आधी ग्रुपवर लिहिलं होतं की आपल्याकडे एवढी साधनं आहेत आणि वापर नाही, लोकांना किंमत नाही वगैरे. ते आठवून मलाच लाज वाटली. काकूंच्या दृष्टीने ती मशीन दिल्लीला असल्यासारखीच होती.

बाक लगेच कुठून आणणार. पण वाटेत एक किराणा दुकान लागतं आणि एक मेडिकल. दोघांना जाऊन सांगितलं की संध्याकाळी एक स्टूल बाहेर ठेवाल का. किराणावाल्याने प्लास्टिकची खुर्चीच ठेवली, हात असलेली, मेडिकलवाल्याने स्टूल. बागेत आम्ही सोसायटीच्या हॉलमधल्या चार खुर्च्या न्यायला लागलो, बागेच्या रखवालदारांना विचारून, ते म्हणाले ठेवा पण जाताना घेऊन जा, रात्री कोण राखणार. पहिल्या दिवशी काकू किराण्यापाशी बसल्या, मग मेडिकलपाशी, मग गेटच्या आत. तीन थांबे घेत. बस सारखं. बावीस मिनिटं लागली पोचायला, आणि पोचल्यावर त्या इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "हे झाड एवढं मोठं कधी झालं?" दोन वर्षांनी आल्या होत्या त्या त्या बागेत, घरापासून दोन मिनिटांवरच्या.

व्यायामाचं सगळं सरांनी ठरवलं, माझी त्यात अक्कल नाही. त्यांचं म्हणणं मशीन राहू द्या, खुर्ची बास आहे. हात छातीवर आडवे धरून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, ३० सेकंदात किती वेळा होतं ते मोजायचं. ही म्हणे ज्येष्ठांची जगभर वापरली जाणारी चाचणी आहे, ६५ ते ६९ वयाच्या बाईचं ११ पेक्षा कमी आलं तर सरासरीच्या खाली समजतात. काकूंचं पहिल्या दिवशी ६ आलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, पण त्या वळून मलाच म्हणाल्या तू कर बघू. मी केलं. १३. आणि सातव्यापासून गुडघ्यातून कटकट आवाज, सगळ्यांना ऐकू आला. तेव्हापासून मी गप्प.

चालण्याचा वेग किती हवा यावर पहिले दोन आठवडे नुसता वाद. एक काका मोबाईलवर किलोमीटर बघत, एक जण घड्याळातली हार्टबीट वाचून दाखवत. सरांनी सोपं करून टाकलं, म्हणाले चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता नाही आलं पाहिजे. लगेच आमच्या दोघी जणी चालता चालता गणपतीची आरती म्हणायला लागल्या, टाळ्यांसकट, आणि पूर्ण म्हणून दाखवली. सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही चालत नाही आहात, पालखीबरोबर निघालाय." मग त्यांनी शतपावलीचं काढलं. आपल्याकडे जेवण झालं की शतपावली घालतात, पण ती आपण अशी घालतो की गॅलरीत चार फेऱ्या, मधे फोन, मधे बडीशेप, दहा मिनिटं जातात. तर मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की तो बऱ्यापैकी दमदार वेग झाला. म्हणजे एक शतपावली एका मिनिटात. मिनिट संपलं की शिट्टी. दहा शिट्ट्या म्हणजे दहा शतपावल्या. हे लोकांना असं पटलं ना की विचारू नका, १५० मिनिटं हा शब्दच कोणी काढत नाही आमच्यात, "आज माझ्या अठरा झाल्या" असं म्हणतात. शतपावली शब्दाचं कौतुक मला आत्ता कळलं, आपल्याकडे शब्द होता, फक्त घड्याळ नव्हतं लावलेलं.

आणि एक गोष्ट बाहेरून उचलली. माझी मावसबहीण इंग्लंडमधे असते, ती शनिवारी सकाळी पार्करन ला जाते. २००४ मधे लंडनच्या बुशी पार्कमधे १३ जणांनी सुरू केलेलं आहे ते, पाच किलोमीटर, फुकट, पळा नाहीतर चाला. ती फोनवर सांगत होती की त्यात एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो, त्यामुळे शेवटचा नंबर कोणाचाच येत नाही. मला हे भयंकर आवडलं. कारण आमच्यात काय व्हायचं, पुढचे भराभर दोन फेऱ्या मारून परत यायचे आणि मागच्यांना म्हणायचे "चला चला, अजून इथेच?" आणि मागचा माणूस दुसऱ्या दिवसापासून गायब. म्हणून आम्ही गार्डाचा डबा ठेवला. सर इंजिन, मी गार्डाचा डबा. माझ्या मागे कोणी राहायचं नाही. मला काय, गप्पा मिळतात.

जुलै असा गेला. वहीत रोजची हजेरी मी लिहायचे, सहा, सात, नऊ, नऊ, आठ, अकरा. आणि मग ऑगस्टमधे मी घाण केली.

दुपारभर पाऊस होता, संध्याकाळी भुरभुर उरली होती. ग्रुपवर चर्चा, जायचं का नाही. ए विंगमधले काका, ७१ वर्षांचे, म्हणाले आज नको, रस्ता निसरडा असेल. मीच म्हटलं, "अहो चला हो काका, एवढ्याशा पावसाला काय." मागच्या बाजूला ट्रॅकवर चिंचेच्या झाडाखाली हिरवट शेवाळ धरलं होतं, दिसत सुद्धा नव्हतं अंधारात. मी गार्डाचा डबा, म्हणजे त्यांच्या बरोब्बर मागे. त्यांची चप्पल सरकली, हात टेकला, आणि जो आवाज आला तो मी अजून विसरले नाही, वाळकी काडी मोडल्यासारखा. उजवं मनगट. सहा आठवड्यांचं प्लास्टर. त्यांच्या सूनबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन आठवडे कोणी गेलं नाही. मी तर नाहीच. ग्रुपवर एकांनी लिहिलं की म्हणूनच मी सांगत होतो या वयात नसते उद्योग नकोत, त्याला वीस अंगठे. मी वही कपाटात टाकली.

काढली ती काकांनीच. गणपतीच्या आधी एका संध्याकाळी बेल वाजली, दारात काका, गळ्यात हात अडकवलेला. "घरात बसून वेड लागायची पाळी आलीय, सून मला सारखी झोपा म्हणते. मी काही चालत नाही, पण बागेत खुर्चीवर बसून मोजीन. तुझी ती वही दे." मी त्यांना नको नको म्हटलं तर म्हणाले, "पडलो मी, आणि घाबरलीयस तू?" दिली वही. डाव्या हाताने लिहायचे, अक्षर असं की पहिलीतल्या पोराचं. पण एक एक माणूस. कोण आलं, किती शिट्ट्या, कोण आलं नाही आणि का. हे "का" त्यांनी वाढवलं, माझ्या वहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी न आलेल्याला गाठून विचारायचे, "काल काय झालं?" रागावून नाही, नोंद करायची असते म्हणून.

त्यांनीच नियम पण केले. पाऊस असला की बाग बंद आणि पार्किंगमधे खुर्चीचे व्यायाम. स्लीपर घालून आलेल्याला शिट्टी नाही. मागचा कोपरा वगळायचा, लाईट येईपर्यंत.

लाईटवरून आठवलं. पुणे महापालिकेत नागरिकांनी कामं सुचवायची एक पद्धत आहे, सहभागी अंदाजपत्रक म्हणतात, २००६ पासून आहे आणि तरी दहा जणांना विचारलं तर आठ जणांना माहीत नसते. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं छोटं काम, बाक, दिवे, फुटपाथ, बागेतली कामं, आपण फॉर्म भरून सुचवायचं, ते त्यांच्या इंजिनिअरनी बघायचं आणि बसत असेल तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या बजेटमधे जातं. म्हणजे सप्टेंबरात लिहिलंत तर एप्रिलनंतरची गोष्ट, ही घाई असणाऱ्यांसाठी नाही. मला फॉर्मचं भय नाही, तेच माझं पोट आहे, म्हणून ते माझ्याकडे आलं.

त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमधे जे झालं ते सांगण्यासारखं आहे. चार-पाच जणांचं म्हणणं, मागायचंच आहे तर मशीन मागा, चांगली दणकट, बागेला शोभा येईल. एकांनी कॅटलॉग पण आणलेला. बाक काय मागायचे, बाकावर बसून व्यायाम होतो का, उलट लोक बसूनच राहतील. वाद चांगला रंगला. काकू खुर्ची ओढत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मशीनपर्यंत जायला मला तीनदा बसावं लागतं. तुम्ही मला तीनदा बसायची जागा द्या, मग मशीनचं मी बघते." आणि तिथेच हात छातीवर धरून उठल्या-बसल्या, नऊ वेळा, सगळ्यांच्या समोर. विषय संपला.

आम्ही शेवटी मागितलं ते एवढंच: पाठ आणि हात असलेले पाच बाक, थोड्या थोड्या अंतरावर, मागच्या कोपऱ्यात दिवा, आणि गेटच्या आतल्या तीन पायऱ्यांना धरायला पाईप. मी हुशारी करून तिन्ही कामं एकाच कागदावर लिहून नेली, महापालिकेच्या ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं तीन वेगवेगळे भरा, जागा नीट लिहा, कुठल्या गेटच्या आत, कुठल्या झाडापाशी. परत येऊन सरांनी बागेचा नकाशा काढला, पीटीच्या माणसाचा नकाशा, मैदानावर फक्की मारावी तसा, आणि काकूंची पावलं मोजून प्रत्येक बाकाची जागा. पोच घेतली, फाईलला लावली.

दरम्यान आमची वर्दळ वाढत होती, आणि गंमत म्हणजे सोसायटीच्या बाहेरून. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशी, मागच्या वस्तीत राहतात. मी त्यांना या म्हटलं तर हसल्याच, "ताई, दिवसाची सात घरं करते, जिने किती चढते मोजलेत का कधी? मला कसला आलाय व्यायाम." बरोबरच होतं, मी ओशाळले. पण एक दिवस त्या बागेत आल्या आणि सरळ खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी बसायला आलेय. घरी बसले की कोणीतरी पाणी मागतं." आठवडाभर नुसत्या बसल्या. सरांनी एक दिवस सहज विचारलं कुठे दुखतं, तर मान, खांदे आणि मनगट, लाटणं. मग त्यांना चालायला लावलंच नाही, खांदे मोकळे करायचे, भिंतीला हात टेकून दंड काढायचे, मनगट ताणायचं, पंधरा मिनिटं. आता त्यांच्याबरोबर वस्तीतल्या सहा बायका येतात, आणि त्यांच्या बारीला फेऱ्या नाहीतच. व्यायाम म्हणजे सगळ्यांनी एकच करायचं असं जे माझ्या डोक्यात होतं ते तिथे गेलं.

पोहायच्या तलावाचं पण करून बघितलं. गुडघेवाल्या सहा जणी. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तरी अंगाचा भार निम्म्यावर येतो, म्हणून पोहायला नाही, पाण्यात चालायला. लेडीज बॅच दुपारची, ती वेळ नोकरीवाल्यांना निरुपयोगी. आधी एक दिवस नुसतं बघायला गेलो, कठड्यावर बसलो, पाय बुडवले. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोशाख मिळतात हे कळल्यावर दोघींचा जीव भांड्यात पडला. तरी शेवटी चारच टिकल्या. पण त्या चारात ती सुनबाई आहे, आणि तिच्या सासूबाई. दोघी एका रिक्षाने जातात. रिक्षात काय बोलतात देव जाणे.

जानेवारीत पर्वती काढली. १०३ पायऱ्या. पुण्यात राहून पर्वतीला न गेलेली माणसं खूप असतात, आम्ही रोज बघतो आणि वीस वर्षांत दोनदा गेलोय. रविवारी सकाळी साडेसहाला २३ जण. आमचा नियम, दर पंचवीस पायऱ्यांना सगळे थांबणार, दमलेले असोत नसोत, म्हणजे कोणामुळे थांबलो असं होत नाही. काका, आता प्लास्टर निघालेलं, उजव्या हाताने कठडा धरून. काकू माझ्या पुढे. मी गार्डाचा डबा असल्यामुळे मला फक्त त्यांच्या टाचा दिसत होत्या, नवीन बूट, नातवाने दिलेले, लाल नाडी. त्या मोजत होत्या मोठ्याने. सत्तरला आवाज बंद झाला, मला धडकी भरली, म्हटलं बसायचंय का. तर मान हलवून नाही म्हणाल्या आणि हाताने थांब अशी खूण केली. बोलता येत नव्हतं इतकंच. मिनिटभराने, "एकाहत्तर."

वर पोचल्यावर कोणी भाषण वगैरे केलं नाही, सगळ्यांना आपापली बिल्डिंग शोधायची होती. उतरून सारसबागेच्या बाहेर खाणं झालं, जितकं चढून जाळलं त्याच्या दुप्पट, हिशोब माझा आहे म्हणून सांगते.

बाकांचं झालं. जूनमधे आले. दिवा पण लागला, मागचा कोपरा आता सगळ्यात गर्दीचा, कारण तिथे वारा येतो. पाईप अजून व्हायचाय. काकूंना आता वाटेतल्या तीनपैकी एकाच बाकावर बसावं लागतं, पण त्या तिन्हीवर बसतात, म्हणे मागून घेतलेत ना. ३० सेकंदात ११ वेळा उठतात.

मागच्या आठवड्यात वर्षाचा आढावा म्हणून मी काकांकडून वही मागितली, दिवसाची सरासरी काढायला बसले. सुरुवातीच्या महिन्यांत, माझ्या हाताच्या नोंदींत, एक गोष्ट दिसली जी तेव्हा दिसली नव्हती. दर महिन्याला दोनदा आकडा धाडकन खाली. तारखा बघितल्या, ११ आणि २०. मी नसायचे त्या दिवशी, तर दोन-तीनच जण. काकांच्या अक्षरातल्या पानांवर ते खड्डे नाहीतच, २० तारखेला पण १९, २१, २२.

आणि त्याच पानांवर खाली एक ओळ प्रत्येक महिन्यात, लाल पेनाने, आधी डाव्या हाताचं वेडंवाकडं, नंतर उजव्या हाताचं सरळ. माझं नाव, फुली, आणि पुढे: कारण, रिटर्न.